पानाचा पन्हा

“हा दोरा कुणी बांधलाय इथं?”

मी दारातूनच विचारलं. खांद्यावरची बॅगसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती आणि माझा पारा चढला होता. समोर केबिनच्या भिंतीवर आमच्या कंपनीनं दिलेला त्रेचाळीस इंची स्क्रीन, नवा कोरा, आणि त्याच्यावर आडवा एक लाल-पिवळा जाड दोरा. या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेला, मागं नेऊन गाठ मारलेला.

“मी बांधलाय,” मगदूम मामा म्हणाले.

कलगोंडा मगदूम हे चौगुल्यांच्या कारखान्यातले जॉबर. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर म्हणजे मोठा माणूस. माग लावायचा, बिघडला तर खोलायचा, सुताचा बीम संपला की नवा चढवायचा, सगळं त्याच्या हातात. मामांचं वय सत्तावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल आणि शर्टाच्या खिशात सूत कापायची छोटी कातर. बोलणं कमी.

“अहो, खंडेनवमी होऊन आठ दिवस झाले,” मी म्हटलं. “पूजेचा दोरा पूजा झाल्यावर काढायचा असतो.”

यात माझं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. खंडेनवमीला तिथं प्रत्येक मागाची पूजा होते. त्या दिवशीही बाहेरच्या मागांवर वाळलेला झेंडू लोंबत होता, पॅनलवर कुंकवाची बोटं होती. माझ्या स्क्रीनलाही यांनी देव करून टाकलं, असंच मी धरून चालले.

“खंडेनवमीचा न्हाई ओ तो, मॅडम. तो आपला...”

“कशाचाही असू दे. स्क्रीनला चरे पडतात. आणि मजकूर झाकला जातो तो वेगळाच. एवढं जीव तोडून मी लिहिलंय, ते काय दोऱ्याआड लपवायला? कात्री द्या बघू.”

मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग खिशातली कातर काढून माझ्या हातात ठेवली.

“असू दिला असता तर बरं झालं असतं,” एवढं मात्र म्हणाले.

मी कचकन दोरा कापला, गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि रुमालानं स्क्रीन पुसला. लख्ख दिसायला लागला. पानाच्या तळाशी माझं नाव होतं : लेखन व मांडणी, वैजयंती कुरणे. ते बघून मला बरं वाटलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हा सोमवार होता.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि डोकं लहानपणापासूनच गरम. आमची कंपनी छोटी होती. मागांना लावायचे इलेक्ट्रॉनिक पॅनल आम्ही बनवायचो, आणि ते पॅनल कसं वापरायचं हे सांगणारी वेबसाइट मी एकटीनं केली होती. मराठीत. कंपनीचे मालक दानवाडे साहेब आधी तयार नव्हते. “मॅन्युअल इंग्रजीतच शोभतं गं,” म्हणायचे. मी सहा महिने त्यांच्या मागे लागले. शेवटी ते कंटाळून म्हणाले, “कर बाई काय करायचंय ते. पण गडबड झाली तर परत इंग्रजी पुस्तक, आणि तू दुसरी नोकरी बघ.”

पॅनल घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याला साहेबांनी एक भलामोठा स्क्रीन भेट द्यायचं ठरवलं. त्यावर वेबसाइट कायम उघडी. मला म्हणाले, “एवढा मोठा स्क्रीन देतोय आपण, कडेपर्यंत भरला पाहिजे. अर्धा रिकामा दिसला तर लोक म्हणतील, एवढंच सांगायचं होतं तर मोबाइलवर पाठवायचं.”

आता सगळं साहेबांवर ढकलता येईल, पण ते खरं नाही. मलाही तेच हवं होतं. एका कामाची सगळी माहिती एका पानावर, माऊसला हातही न लावता, ही माझी हौस. कामाची प्रत्येक पायरी एका ओळीत बसवली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओळ लांब व्हायची, तीस-पस्तीस शब्दांची. पायऱ्यांना आकडे दिले तर मधे फट पडून शेवटची ओळ खाली जात होती, म्हणून आकडेही उडवले. आणि हे सगळं मी तपासलं कशावर, तर माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर. तिथं एका ओळीच्या दोन व्हायच्या, आणि वाचायला काही त्रास व्हायचा नाही. मोठ्या स्क्रीनसमोर उभं राहून एक अख्खं पान वाचावं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. लिहिलेलं मीच होतं, मला काय वाचायचंय त्यात!

शुक्रवारी सकाळी चौगुल्यांचा फोन आला. सुकुमार चौगुले, कारखान्याचे मालक, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. आण्णांचा आवाज एरवी मऊ. त्या दिवशी नव्हता.

“मॅडम, काल दुपारी आमच्या चार नंबरच्या मागाची पाच हजार तार तुटली. एका झटक्यात. येताय का, का मी येऊ तिकडं?”

पाच हजार तारा म्हणजे काय ते सांगायला हवं. मागावर उभं सूत असतं ते एका बीमवर गुंडाळलेलं असतं. त्यातली एकेक तार हातानं ओवून मागात घ्यावी लागते. ते काम करणारे लोक वेगळे, त्यांना वहिफणीवाले म्हणतात. एक माग पुन्हा भरायचा तर दोन माणसं दोन दिवस वाकून बसतात. आणि चार नंबरवर बाहेरगावचं निकडीचं शर्टिंग होतं.

मी पोचले तेव्हा वहिफणीवाले मागापुढं खाली बसले होते. मान वर करायला कुणाला सवड नव्हती. केबिनमध्ये आण्णा खुर्चीत आणि मामा भिंतीला टेकून उभे.

“बीम बदलताना ताण शून्यावर आणायचा असतो, ब्रेक सोडायच्या आधी,” आण्णा म्हणाले. “यांनी थेट ब्रेक सोडला. तीस वर्षं काम करालेत! मी विचारलं, असं कसं झालं? तर म्हणतात, पान बघूनच केलं. आता मला एवढंच सांगा. ती ताणाची ओळ तुमच्या पानावर हाय का न्हाई? नसंल तर मी तुमच्या दानवाड्यांशी बोलतो. असंल तर यांनी सोमवारपासून घरी बसायचं. तुम्ही लिहून द्या, सही करा. मला भांडण नको.”

मी स्क्रीनकडं धावलेच. पान उघडलं. चौथी ओळ : ‘बीमचा ताण शून्यावर आणा.’ आणि पुढं कसा आणायचा, कुठलं बटण, आकडा किती वेळ स्थिर राहिला पाहिजे, सगळं. माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मामांची आठवणही नव्हती. मी वाचले, एवढंच मनात आलं.

“आहे, आण्णा. ही बघा.”

“मग झालं तर,” आण्णा म्हणाले आणि त्यांनी कागद पुढं सरकवला.

मी मामांकडं वळले. “मामा, ही ओळ तुम्हाला दिसली नाही का हो?”

“नजर चुकली, मॅडम.”

“एवढ्या मोठ्या स्क्रीनवर?”

“व्हय. चुकली.”

आण्णांच्या कपाळाला आठी पडली. “थांबा जरा. या स्क्रीनवर दोरा होता न्हवं एक? तुम्ही तो बोटानं खाली-खाली सरकवत वाचायचा. मी बघितलंय. तो कुठं गेला?”

खाली सरकवत? म्हणजे पूजेचा नव्हता तो. काय होता?

मामा शांतपणे म्हणाले, “कापला.”

“कुणी?”

“माझ्याच कातरीनं कापला की.”

हे अगदी खरं होतं. कातर त्यांचीच होती. आण्णांनी मान हलवली, जणू हा माणूस आता कामातून गेला. दानवाडे साहेबांचं ‘दुसरी नोकरी बघ’ कानात वाजत होतं. घरी वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. हे कारण म्हणून सांगत नाही. मी गप्प बसले, एवढं मात्र सांगायलाच हवं.

कागद पुढ्यात होता. सही करून मोकळं होता आलं असतं. पण आमच्या कंपनीची एक पद्धत होती आणि तेवढ्याच पद्धतीनं मला वाचवलं. बिघाडाचा कागद लिहिणाऱ्यानं तेच पान स्वतः मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकून बंद मागावर तसंच करून दाखवायचं. वाचणारा एक, करणारा एक. कागदावर तसा रकानाच होता.

“मामा, सहा नंबर बंद आहे ना? तिथं उभे राहा. मी इथून वाचते.”

केबिनला काच होती, सरकवली की समोर सहा नंबर. मामा जाऊन पॅनलपाशी उभे राहिले. आण्णाही उठून दाराशी आले. मी स्क्रीनसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले.

पहिली ओळ वाचली. मामांनी केलं. दुसरी वाचली, केलं. ओळीच्या शेवटाशी जाईपर्यंत माझी मान उजवीकडं वळत होती, मग परत डावीकडं यायचं. तिसरी वाचली. मामांचे हात चालत होते. मान पुन्हा डावीकडं आणली, “बीमचा...” म्हणून सुरुवात केली, ओळ संपवली आणि मामांकडं पाहिलं.

मामा हलले नाहीत. हात ब्रेकच्या दांड्यावर होता, पण तसाच.

“करा की,” मी म्हटलं.

“मॅडम, एक ओळ राहिली.”

“कुठं राहिली? मी सगळं वाचलंय.”

“राहिली. परत वाचा.”

मला राग आला. स्वतःची चूक निस्तरायला हा माणूस मला खोटं पाडतोय, असं वाटलं. मी ठसक्यात स्क्रीनकडं वळले आणि बोट ठेवलं. ‘बीमचा ब्रेक सावकाश सोडा...’ ही मी आत्ता वाचलेली ओळ. पाचवी. तिच्या वर चौथी. ‘बीमचा ताण शून्यावर आणा.’ ती मी वाचलीच नव्हती.

दोन्ही ओळी ‘बीमचा’नं सुरू होत होत्या. हातभर लांब ओळ वाचून डोळा परत डावीकडं आला तो सरळ एक ओळ खाली उतरला, आणि मला पत्तासुद्धा लागला नाही. मी लिहिलेलं पान, मीच केलेली मांडणी, शब्द न् शब्द पाठ. आणि नेमकी तीच ओळ गेली, जिच्यापायी बाहेर दोन माणसं पाच हजार तारा ओवत बसली होती.

“सापडली?” मामांनी तिथूनच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

आण्णा माझ्याकडं बघत होते. आता गप्प बसणं मला जमलं नसतं. कुठून बळ आलं ठाऊक नाही, पण एकदा बोलायला लागले तशी थांबलेच नाही.

“आण्णा, दोरा मी कापला. सोमवारी. मामांची कातर मागून घेऊन मी कापला. ते नको म्हणत होते, मी ऐकून घेतलं नाही. मला वाटलं खंडेनवमीचा आहे. तो दोरा ओळ चुकू नये म्हणून होता. माझी ओळच इतकी लांब आहे की दोऱ्याशिवाय ती वाचताच येत नाही. मलाही नाही आली, तुम्ही बघितलंत. चूक पानाची आहे. माझी आहे.”

बोलता बोलता मला रडू फुटलं. आण्णा बिचारे गोंधळले.

“अहो मॅडम, रडताय कशाला... मगदूम, तुम्ही का बोलला न्हाईसा हे?”

मामांनी खांदे उडवले. “नजर तर माझीच चुकली की. ते काय खोटं हाय?”

मी तिथंच बसून कागदावर सगळं लिहिलं. दोऱ्यासकट. सही केली. मामांची नोकरी राहिली. आण्णा तसे न्यायाचे, सगळ्यांसमोर मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “सोमवारी या.” मग मी बाहेर येऊन दानवाडे साहेबांना फोन लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुला सोमवार सकाळपर्यंत वेळ. मी स्वतः येऊन बघतो. पान नीट वाचता आलं तर ठीक. नाही तर इंग्रजी पुस्तक छापायला देतो, आणि तुझं काय करायचं ते ठरवतो.”

शनिवार गेला पानं उसवण्यात. रविवारी कारखाना बंद होता, केबिनमध्ये मी एकटीच स्क्रीनसमोर बसले होते, तरी मामा आले. मी बोलावलं नव्हतं. आले, डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “चला, बघू.”

“मामा, मला माफ करा.”

“ते झालं की शुक्रवारीच. पान काढा.”

मी लॅपटॉप स्क्रीनला जोडला. पानाची कड माऊसनं धरून आत ओढता येत होती. मामा समोर उभे राहिले, रोज राहायचे त्याच जागी. पहिलं मी अक्षर मोठं केलं. मग कड थोडी आत घेतली.

“वाचा.”

त्यांनी वाचलं. तिसऱ्या ओळीला डोळा चुकला. अजून आत घेतली. चुकला, पण त्यांना कळलं, परत आले. अजून आत. मला उत्साह आला, मी आत घेतच गेले. शेवटी एका ओळीत चारच शब्द मावायला लागले.

“आता कसं?”

मामांनी तोंड वाकडं केलं. “आता डोळं नुसतं उड्या मारालेत. एक वाक्य वाचायला आठ उड्या. आधी काय वाचलं तेच ध्यानात राहीना. ताण सैल पडला तरी वाईट, जादा झाला तरी वाईट. जरा सोडा.”

मी सोडली. पाच शब्द, सात, नऊ. दर वेळी वेगळं पान काढायचे, पाठ झालेलं नको म्हणून. मामा न कंटाळता वाचत राहिले. सत्तर-ऐंशी वेळा तरी वाचलं असेल. दुपारी त्यांनी डबा उघडला, भाकरी आणि दोडक्याची चटणी, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. “खावा. उपाशी पोटी नजर चुकती,” म्हणाले आणि मिस्किल हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना.

तीनच्या सुमाराला अकरा-बारा शब्दांवर मामा थांबले. तीन पानं वाचली, एकदाही अडखळले नाहीत. मान हलत नव्हती, फक्त डोळे.

“हितं,” ते म्हणाले. “हितं ठेवा. आता दोरा नको.”

मी त्यांच्याकडची पट्टी स्क्रीनला लावून पाहिली. ओळ जेमतेम अर्धा स्क्रीन व्यापत होती. पायऱ्यांना आकडे दिले, दोन पायऱ्यांमध्ये फट सोडली. पान माऊसनं खाली सरकवावं लागत होतं. माझी सगळी हौस मोडली होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पण अर्धा स्क्रीन रिकामा, हे मात्र डोळ्यात येत होतं.

सोमवारी दानवाडे साहेब आले ते नेमकं तिथंच बोट ठेवत. “हे काय? अर्धा स्क्रीन पांढरा! वैजयंती, मी त्रेचाळीस इंच दिलाय, तू वीस इंच वापरतेस?”

मी रात्रभर उत्तर पाठ केलं होतं, पण साहेबांचा चेहरा बघून सगळं विसरले. बोलले ते मामा.

“साहेब, या बाजूला या जरा.” त्यांनी काचेतून चार नंबरचा माग दाखवला. शनिवारी संध्याकाळी तो पुन्हा सुरू झाला होता. “ह्यो माग किती रुंद?”

“तीन मीटरच्या वर असेल.”

“आणि शर्टाच्या कापडाचा पन्हा किती?”

“दीड मीटर.”

“मग माग तीन मीटरचा हाय म्हणून शर्टाचं कापड तीन मीटर पन्ह्याचं काढतो का आम्ही? शिंपी घरला येऊन मारंल. पन्हा मागावर ठरत न्हाई, साहेब. अंगात घालणाऱ्यावर ठरतोय.”

साहेब काचेतून बघत राहिले. आण्णा मिशीतल्या मिशीत हसले.

“मग उरलेला माग तुम्ही मोकळा ठेवता का?” साहेबांनी विचारलं. माणूस धंद्याचा होता, सहज सोडणारा नव्हता.

“कशाला मोकळा? शेजारी दुसरा पन्हा काढतो. दोन कापडं एका वेळी.”

मी चमकून मामांकडं पाहिलं. आणि मग तिथल्या तिथं, साहेबांच्या समोर, लॅपटॉप उघडून पानातली सगळी चित्रं ओळींमधून उचलली आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत लावली. डावीकडं वाचायची पायरी, तिच्याच शेजारी त्या बटणाचं चित्र. वीस मिनिटं लागली. तोपर्यंत सगळ्यांचा चहा झाला.

साहेब स्क्रीनसमोर उभे राहिले आणि त्यांनी अख्खं पान मोठ्यानं वाचलं. मामा सहा नंबरपाशी. दहाच्या दहा पायऱ्या झाल्या. मामांनी हात वर केला.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “सगळी पानं अशी कर.” दाराशी जाऊन परत वळले. “तुझं नाव राहू दे खाली.”

याला आता बारा वर्षं होतील. मी पुण्याला आले, कंपन्या बदलल्या, माझ्या हाताखाली आता नऊ जण आहेत. आमच्या वेबसाइटी देशोदेशीचे लोक वाचतात, त्यांचे स्क्रीन त्रेचाळीस इंचाहून मोठे. पण वेबसाइटच्या कोडमध्ये पानाची रुंदी ठरवणारी एक ओळ प्रत्येक कामात मी स्वतः लिहिते आणि त्या मापाला नाव देते ‘मगदूम’. मागच्या वर्षी नव्या आलेल्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे मगदूम काय आहे? चुकून राहिलंय का? काढून टाकू?”

“हात लावायचा नाही!” मी अशी ओरडले की बिचारी दचकली. मग तिला सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की ज्यांना सांगायला हवं त्यांना कधी नीट सांगितलंच नाही. त्याच रविवारी मी इचलकरंजीला गेले.

मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरापुढच्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. चष्मा जाड झाला होता, पण कानावर पेन्सिल होतीच. मला ओळखायला वेळ लागला नाही. “या, कातरवाल्या मॅडम,” म्हणाले.

मी लॅपटॉप उघडून त्यांना त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी जवळ जाऊन, मग लांब जाऊन पाहिलं. खूश झाले. मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं.

“मामा, त्या शुक्रवारी तुम्ही माझं नाव सांगितलं असतं तर तिथंच संपले असते मी. स्वतःची नोकरी पणाला लावलीत तुम्ही, एका अनोळखी पोरीसाठी. मी जन्मभर विसरणार नाही.”

मामा शेंग सोलता सोलता थांबले. “तुमच्यासाठी?” ते म्हणाले आणि हसायलाच लागले. “न्हाई ओ! तुमच्यावर लई राग होता माझा. एवढा चांगला दोरा!”

“मग का नाही सांगितलंत?”

मामांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले.

“तीस वर्षं जॉबरकी केली, मॅडम. पहिल्यांदा जपानी पुस्तक असायचं, मागनं इंग्लिश. इंजिनिअर येणार, वाचणार, आम्हाला सांगणार. तो येईपर्यंत माग बंद आणि आम्ही हात बांधून उभं. त्यानं काय वाचलं, काय गाळलं, आम्हाला काय कळतंय? तुमचं पान आलं आणि पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यानं वाचलं. लांबडं होतं, पण माझं मला कळत होतं. दोरा लावून का हुईना, वाचत होतो. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही गेला असता, आणि तुमच्यासंगं पान गेलं असतं. परत इंग्लिश पुस्तक. साहेबांची ती अट तुम्हीच सांगितली होती की, स्क्रीन बसवताना.”

“आणि तुमची नोकरी गेली असती तर?”

“गेली असती तर गेली असती. माझ्या जागी दुसरा जॉबर आला असता. त्याला तरी वाचायला मिळालं असतं की.”

मामांनी शेंगदाण्यांची ताटली माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, “खावा. आणि ते पान परत काढा बघू, मोठं करून. ह्या चष्म्याला पन्हा अजून जरा कमी करावा लागंल.”